क्रमांक सत्तावीसचे चार गुण

४ सप्टेंबर, सोमवार
स्टाफरूममध्ये सभा. नववी ब च्या नव्या मॅडमनी जाहीर केलं की यंदा साहित्याच्या तासाला नोट्स बंद. मुलांनी पुरातल्या नावाड्याचा धडा वाचून स्वतःच्या मनाने निबंध लिहायचा, दहा गुण. मग धड्यातल्या एखाद्या न बोलणाऱ्या माणसाच्या वतीने सगळ्यांसमोर बोलायचं, आणखी दहा. सोळाच्या वर मिळवणारे आंतरशालेय कार्यक्रमाला जाणार. मुख्याध्यापिकांनी मान डोलावली. त्यांची मान हल्ली फार डोलते.

निबंध एकमेकांच्या वर्गाचे तपासायचे. माझ्या नववी अ चे त्या, त्यांचे मी. ज्याचं काम सरस त्याला पुढच्या वर्षी दहावी. दहावी गेली एकोणीस वर्षं माझ्याकडे आहे आणि माझ्याकडेच राहील.

निश्चय : माझ्या वर्गातलं एकही मूल असली नाटकं करणार नाही. साहित्य वाचायचं असतं, अंगात आणायचं नसतं.

६ सप्टेंबर, बुधवार
माझ्या वर्गातली अकरा मुलं जिन्याखाली सराव करताना सापडली. त्यातला एक जण पूर झाला होता. दुर्लक्ष केलं. ठरवून केलं.

७ सप्टेंबर, गुरुवार, दुपार
योजना सुचली. माझ्या वर्गातली क्रमांक सत्तावीस पाय मोडून तीन आठवड्यांसाठी घरी आहे. तिच्या नावावर मीच एक निबंध लिहून, तिच्या घरून आल्यासारखा, गठ्ठ्यात सरकवणार. मॅडमनी दहा दिले तर माझी पद्धत अचूक. दहाच्या खाली दिले तर मॅडमना तपासता येत नाही. दोन्हीकडून मीच जिंकतो. एवढी साधी गोष्ट कुणाला कशी सुचत नाही, याचंच आश्चर्य वाटतं.

८ सप्टेंबर, शुक्रवार
निबंध झाला. चार पानं. अक्षर बाळबोध काढलं, दोन जागी खाडाखोडही केली. सुरुवात ‘नावाडी म्हणजे मूर्तिमंत कर्तव्य’ अशी. शेवट इतका जमला की मीच तो तीनदा वाचून काढला.

बायकोला वाचायला दिला. तिने विचारलं की कोण वारलं. तिला साहित्यातलं काही कळत नाही.

१४ सप्टेंबर, गुरुवार
चार.

दहापैकी चार. शेरा असा की सगळं पाठ केलेलं वाटतं, यात तू स्वतः कुठेच दिसत नाहीस. माझ्या तासाला राजरोस डुलक्या काढणाऱ्याला आठ.

मी गप्प बसणाऱ्यांतला नाही.

१५ सप्टेंबर, शुक्रवार
मुख्याध्यापिकांच्या केबिनमध्ये मॅडमना बोलावून भांडलो. म्हटलं, क्रमांक सत्तावीसवर अन्याय झालाय, त्या निबंधाला एक उंची आहे. अर्धा तास बोललो. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या की आजारी मुलीसाठी इतकं तळमळणारे सर त्यांनी पाहिले नव्हते. मुख्याध्यापिकांनी मान डोलावली. गुण मात्र वाढले नाहीत.

निघताना शिपाईमामांनी बातमी दिली की सत्तावीस सोमवारपासून येणार आहे. आनंदाची बातमी आहे. फक्त तिला अजून माहीत नाही की तिने निबंध लिहिलाय.

१८ सप्टेंबर, सोमवार
कुबडीवर आली. तिला लायब्ररीत बसवून सांगितलं की तिच्या नावावर एक निबंध गेलाय, ऑफिसची काहीतरी गफलत झाली आहे. तिने चारही पानं वाचली. मग विचारलं की हे सरांनी लिहिलंय का. मी म्हटलं, प्रश्न तो नाही.

सादरीकरणासाठी तिला भाषण लिहून दिलं, पाच पानांचं. शब्दन् शब्द पाठ करायला सांगितलं. हो म्हणाली. गुणी मुलगी.

२२ सप्टेंबर, शुक्रवार
सादरीकरण. सगळ्यांत शेवटी सत्तावीस. माझी पाच पानं घडी करून तिने बाकावर ठेवली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

नाव भरली म्हणून काठावर राहिलेली बाई झाली ती. धड्यात त्या बाईवर एकच ओळ आहे, मी ती दरवर्षी गाळतो. सत्तावीस म्हणाली की नाव निघते तेव्हा आतले सगळे पुढे बघतात, काठाकडे कुणीच बघत नाही. तीन आठवडे ती खिडकीत बसून शाळेला जाणारी मुलं बघत होती, तेव्हा तिला हे कळलं. मी उठून खिडकी उघडली. खोली कोंदट आहे.

दहा मिळाले.

मॅडमनी विचारलं की मग निबंध तसा का लिहिलास. आता ही माझं नाव घेणार, म्हणून मी खुर्ची घट्ट धरली. ती म्हणाली की सरांना तसंच लिहिलेलं आवडतं. माझा अख्खा वर्ग माना डोलावत होता.

चार आणि दहा, चौदा. कार्यक्रमाच्या यादीत तिचं नाव नाही.

मला बोलता आलं असतं. पण पंचेचाळीस मुलांसमोर शिस्तीचा प्रश्न येतो.

२५ सप्टेंबर, सोमवार
सत्तावीस स्टाफरूमच्या दारात आली. काही मागितलं नाही. यादी उद्या जाणार ना, एवढंच विचारलं. हो म्हटलं. बरं म्हणून गेली. तिच्या कुबडीचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू येत होता.

डबा खाल्ला नाही. भूक नव्हती.

२६ सप्टेंबर, मंगळवार
शाळा भरायच्या आधी मॅडम आणि मुख्याध्यापिका दोघींना सांगून टाकलं की तो निबंध माझा. कबुली वगैरे दिली नाही. माहिती दिली, ताठ मानेने. मुख्याध्यापिकांची मान पहिल्यांदाच हलली नाही. दहावी मॅडमकडे गेली. सत्तावीसला नव्याने निबंध लिहायला दुपारपर्यंत वेळ दिला. तिने एकच पान लिहिलं, नऊ मिळाले. यादीत तिचं नाव पहिलं आहे. ते शाईने मी घातलं, कारण अक्षर माझं चांगलं आहे.

शाळा सुटल्यावर मॅडमना गाठलं. म्हटलं, दहावी घ्या, पण लेखक कोण हे कळल्यावर तरी त्या निबंधाला निदान पाच द्यायला हरकत नसावी. त्यांनी तो पुन्हा मागून घेतला. माझ्यासमोर बसून चारही पानं मन लावून वाचली, घाई केली नाही. मग म्हणाल्या की पोरगी तीन आठवडे अंथरुणावर होती म्हणून त्यांनी एक गुण जास्त दिला होता.

आता तीन.