जीवदया मासिकातलं चित्र

पांडेसरा, मंगळवार संध्याकाळ

वाचनालयातली जुनी जीवदयेची मासिकं आज रद्दीत निघाली. शंभर वर्षांपूर्वीचा एक अंक मी घरी आणला. त्यात प्रयोगासाठी टेबलाला बांधलेल्या कुत्र्याचं चित्र आहे, डोळे उघडे. कशाला आणला मी?

मनीषा, माझी लेक, औषधांच्या प्रयोगशाळेत ससे सांभाळते. आज कामावरून आल्यापासून जेवली नाही. “मम्मी, माझा पांढरा ससा आज गेला. सुई टोचली तरी माझाच हात चाटत होता.”

मग तिला ते चित्र दिसलं. ते उघडे डोळे. मी खालचा मजकूर वाचून दाखवला. हे क्रौर्य लवकरच थांबेल, असं संपादकांनी लिहिलं होतं.

“थांबलं का मग?” तिने विचारलं.

मी अंक मिटून ठेवला. उद्या सकाळी तिला परत त्याच प्रयोगशाळेत जायचंय.