बटणाएवढा सेल

३ तारीख, सकाळ
"तू फक्त टॉर्च धर." पस्तीस वर्षांपूर्वी रेडिओ उघडताना दादा म्हणाला होता. आज आठवायचं कारण, त्यानेच दिलेल्या जुन्या लॅपटॉपचं घड्याळ रोज मागे पडतंय. आतला बटणाएवढा सेल संपत आलाय. दुकानदार म्हणाला, ताई, ठेवून जा, बदलून देतो. मुळीच नाही. मीच बदलणार.

४ तारीख
सेल काढला की आतल्या सेटिंग्ज पुसल्या जातात म्हणे. त्या दादाने लावल्यात. त्यांच्याशिवाय लॅपटॉपला डिस्कच सापडत नाही. पण हात चपळ असला तर टिकतात. शर्टाच्या तुटलेल्या बटणावर सराव केला. चाळीस सेकंद! नवरा म्हणाला, आता ते शर्टाला लाव. दुर्लक्ष केलं.

५ तारीख
तरी खबरदारी म्हणून सेटिंग्जचे फोनवर अकरा फोटो काढले. दादाला सुचलं असतं? त्याच्याशी बोलून वर्ष झालं. मीच फोन करत नाही, त्याला लगेच सल्ले सुचतात. परवा प्रकाशकांना तपासलेली तीनशे पानं द्यायचीत. लॅपटॉपवरच आहेत. भरपूर वेळ आहे.

६ तारीख, दुपारी २
फोनमधली जागा भरली होती. फोटो लॅपटॉपवर सुरक्षित हलवले, फोनमधून पुसले. टेबल लख्ख. चार्जर काढला, मोठी बॅटरी काढली. सुरुवात.

२.५०
जुना सेल काढला आणि एक स्क्रू फ्रिजखाली पळाला. तो आधी शोधला. नवा सेल आधी लावायला हवा होता, असं दुकानदार म्हणेल. त्याचं काय जातं म्हणायला. स्क्रू सापडला नाही.

३.१५
सेल बसला! लॅपटॉप सुरू! घड्याळ झकास चालतंय, फक्त साल लेकीच्या जन्माआधीचं आहे. डिस्क सापडत नाही, असंही लिहून आलंय. हरकत नाही. फोटो आहेत.

३.१६
फोटो लॅपटॉपवर आहेत.

संध्याकाळ
अंदाजाने सेटिंग्ज बदलून पाहिल्या. लेक म्हणाली, आई, मामाला विचार ना. म्हटलं, मामा काय आभाळातून पडलाय? ती म्हणाली, तो नाही, तुझा लॅपटॉप बंद पडलाय. तीन महिन्यांचं काम आत आहे. जेवले नाही. भूक नव्हती, एवढंच.

७ तारीख, सकाळ
प्रकाशकांचा दोनदा फोन. उचलला नाही.
दादाला मेसेज लिहिलाय. नाहीच म्हणेल, मला माहीत आहे. तरी पाठवते: "आज ये. सेटिंग्ज तू सांग, बटणं मी दाबेन. फ्रिजखालचा स्क्रूही मीच काढणार. तू फक्त टॉर्च धर."