सिंह पुढे का आला

अरे,

भाजी फ्रीजमध्ये आहे, गरम करून घे.

त्या चिनी देव-राक्षसांच्या गेमबद्दल लिहायचं नव्हतं, पण राहवत नाही. माझी दिवसपाळी, तुझी रात्रपाळी. भेट होत नाही, म्हणून निदान एकाच बाजूने लढू असं तूच म्हणालास. सकाळी तुझी चाल, संध्याकाळी माझी.

परवा तुझा दगडी सिंह माझ्या नऊ शेपट्यांच्या कोल्हिणीपुढे येऊन उभा राहिला आणि ड्रॅगनची सगळी आग त्याने अंगावर घेतली. मी हॉस्पिटलच्या वॉर्डात सगळ्यांना सांगत सुटले. म्हटलं, नवरा बोलत नाही, पण जीव आहे त्याचा माझ्यावर.

काल सेटिंग उघडलं, तर तुझ्या नावापुढे ‘ऑटो’. मागच्या प्रत्येक लढाईपुढेही तेच. म्हणजे तू बटण दाबून झोपायचास, सिंहाला मशीन हलवायचं आणि वर फोन करून तू मला विचारायचास, “कशी वाटली माझी चाल?”

कंटाळा आला होता तर तसं तोंडाने सांगायचंस.

आता माझ्या नावापुढेही ऑटो लावलंय. सिंह आणि कोल्हीण आपलं आपण खेळतील. त्यांचं छान जमतं.