बाबांना ऐकू आलेला शब्द

१९ मार्च २०२०, झूटरमेर, नेदरलँड्स
बाबांचं २८ चं पुण्याचं विमान रद्द. परत कधी, कुणालाच माहीत नाही. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "ठीक आहे, वाचायला पुस्तकं आहेत." नवरा निखिल माळ्यावर, मी जेवणाच्या टेबलाशी, इरा बैठकीत. तिघांच्या मीटिंगा एकदम. इराची खोली बाबांकडे, ती कपाटाजवळ गादी टाकून झोपते. पंधरा वर्षांची मुलगी, पण कुरकुर नाही.

२ एप्रिल
इराला शाळेत जर्मन आहे आणि आजोबांनी तीस वर्षं पुण्यात जर्मन शिकवलंय, हे आमच्या आत्ता लक्षात आलं! रोज अकराला दोघं वाचायला बसतात. तिच्या शाळेने दिलेली जुनी कथा. बापाला वाटतं मुलाला घर नको, मुलाला वाटतं बापाला आपण नको. शेवटी मुलगा निघून जातो.
इरा वैतागली. "व्हाय डोन्ट दे जस्ट आस्क?"
बाबा : "विचारलं की उत्तर ऐकावं लागतं ना, बाळा."
आई गेल्यापासून बाबांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

२४ एप्रिल
आज वाचन नाही. "डोळे दुखतायत." चष्म्याचा नंबर बदलला असेल. दुपारी तळ्यापर्यंत एकटेच चालून आले. मी कॉलवर.

३० एप्रिल
बाबा स्वतःचं ताट स्वतः विसळतात. कपडेही वेगळे धुतले. इराला म्हणाले, तुझी खोली तू परत घे. ती नको म्हणाली, डचमध्येच काहीतरी पुटपुटत गेली. मी बाबांना दोनदा विचारलं. "बरा आहे गं." तिसऱ्यांदा विचारायला हवं होतं, पण कॉल लागला आणि…

१२ मे
पुण्याहून दादाचा फोन. बाबांनी भारतात नेणाऱ्या खास विमानासाठी नाव नोंदवलंय, फॉर्म दादाकडून भरून घेतला. मला पत्ता नाही.
"तुझ्याशी बोलूनच ठरवलं असेल, असं मला वाटलं," दादा.
मोठ्या भावाला काय सांगणार, आमच्याशी बोलले नाहीत म्हणून? पुढच्या महिन्यात आईला जाऊन वर्ष होईल. त्या दिवशी आपल्या घरात असावंसं वाटत असेल. अडवायला नको, मनावर दडपण नको. म्हणून चहा देताना मुद्दाम हसून म्हटलं, "बरं झालं बाबा, नाव नोंदवलंत ते."
"हं."
अर्धा चहा तसाच राहिला.

६ जून
बाबांना स्किपोल विमानतळावर सोडून आलो. आत फक्त प्रवासी. इराला मिठी मारायची होती, बाबा दोन पावलं मागे सरले. संसर्गाची भीती असेल. वळून हात केला की नाही, गर्दीत कळलं नाही.

९ जून
इरा जर्मनची वही घेऊन आली. बाबा तिला रोज नवे शब्द लिहून द्यायचे, समोर मराठी अर्थ. शेवटचं पान २३ एप्रिलचं. त्यावर एकच शब्द, 'लेस्तिश'. समोर : नकोसा, जाच वाटणारा.
"मम, हा वर्ड आमच्या स्टोरीत नाहीये."
मग तिला आठवलं. त्या दिवशी ती वर्गशिक्षिकेशी व्हिडिओवर बोलत होती, बाबा शेजारी मटार सोलत होते. ती म्हणाली होती, "हेट इज लास्तिख मेट ओपा." डचमध्ये लास्तिख म्हणजे अवघड. आजोबा अडकलेत, त्यांचं अवघड झालंय, एवढंच तिला म्हणायचं होतं. बाबांना जर्मनवरून डच थोडंफार कळतं. तेवढंच कळलं, लास्तिखचा 'लेस्तिश' झाला.
इरा न्हाणीघरात जाऊन रडली. मी दाराबाहेर उभी. त्यावर मी त्यांना 'बरं झालं' म्हटलं होतं.

११ जून
बाबा पुण्याच्या हॉटेलात, विलगीकरणात. इराने फोन करून सगळं सांगितलं. पूर्ण मराठीत, अडखळत. आदल्या दिवशी वाक्यं लिहून काढली होती.
बाबा हसले. "हो का? जवळच्या भाषांत होतं असं. वर्गात सांगायला छान उदाहरण आहे." मग डब्यातल्या पोळ्या वातड असतात ते सांगत बसले.
मी फोन घेतला. "बाबा, विमानं सुरू झाली की परत या. डिसेंबरात या."
"बघू की. तुम्हाला सोयीचं असेल तेव्हा."
सोयीचं. हे ते सोसायटीच्या सेक्रेटरीशी बोलतात तसं.
इरा हलकी झाली. "आजोबांना कळलं ना?" मी हो म्हटलं.
ती वर गेल्यावर पुन्हा फोन उघडला. लिहिलं, खोडलं. बाबा ऑनलाइन दिसत होते. बराच वेळ दिसत होते. तेही काही लिहीत नव्हते.