कानातली माफी

७ जुलै, सोमवार
भीमाशंकरनं आज नववीच्या तनुजाच्या कानशिलात लगावली. सकाळच्या रांगेत, प्रार्थना संपता संपता, अख्ख्या शाळेसमोर! कारण — एका वेणीला पांढरी रिबीन, दुसरीला नुसतंच रबर. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. त्यानंतर आजचा सुविचार वाचला गेला. विषय : करुणा. फळ्यावर अक्षर माझंच.

भीमाशंकर पीटीचा मास्तर, शिक्षकखोलीत माझ्या शेजारच्या खुर्चीवरचा. मनानं वाईट नाही, असं मी त्याच्याबद्दल नेहमी सांगतो. आजही दोघांना सांगितलं. एखाद्याबद्दल हे वाक्य इतकं का वापरावं लागतं, याचा विचार करायला हवा. सवडीनं करू.

८ जुलै, मंगळवार
मूल्यशिक्षणाचा तास. (हा माझ्यासारख्या संस्कृतवाल्याच्या गळ्यात. मूल्यं आमच्याकडे घाऊक असतात, असा मिशनवाल्यांचा समज!) तनुजा मान वाकडी करून बसलेली, उजवा कान माझ्याकडे.

"अशी काय बसलीस गं घुबडासारखी?"

वर्ग हसला. ती नाही हसली. "सर, डाव्या कानात नुसती शिटी वाजायलीय. दुसरं कायच ऐकू येईना."

मुख्याध्यापिका सिस्टर रोझलिनना सांगितलं. त्यांनी भीमाशंकरला बोलावलं. "कानाला कायबी झालं न्हाई, सिस्टर. हात गालाला लागला. पोरगी नाटक करायलीय." आणि भिंतीवरच्या क्रूसाकडे हात करून शपथ घेतली. शपथेला परका देव बरा पडतो!

९ जुलै, बुधवार
तनुजाचा बाप आला, शिवमूर्ती. लातूरच्या आडतीत हमाल. इथं रेणापूरला शाळेत यायचं म्हणून आजचा खाडा. खुर्ची दिली तरी उभाच.

"मास्तरनं मारलं त्याचं मला काय न्हाई. मास्तर मारणारच. फकस्त लातूरला कानाच्या डाक्टरला दाखवा शाळेनं. मी एकलाच गेलो तर मला कोण इचारतंय तिथं?"

तो व्हरांड्यात गेल्यावर सिस्टर मला म्हणाल्या, "सर, आपण डॉक्टरकडे नेलं म्हणजे दुखापत झाली हे कबूल केलं. पोलीस येतील. शुक्रवारी माफी होऊ द्या."

शुक्रवारची माफी म्हणजे शाळा काढणाऱ्या फादरांनी घालून दिलेली रीत. ज्यानं चूक केली त्यानं सगळ्यांसमोर यायचं, पण माफी मागायची ती कानात — त्याची लाज राहावी म्हणून. दुसऱ्यानं मोठ्यानं म्हणायचं, "माफ केलं!" मग टाळ्या. त्यानंतर तो विषय कुणी काढायचा नाही. क्रूसाखाली शेकड्यानं हिंदू पोरं हे वर्षानुवर्षं करत आली आहेत आणि कुणाचं काही बिघडलेलं नाही. मला ही रीत आवडायची. बाहेरच्यांना कौतुकानं सांगायचो.

तनुजाला तयार करायचं काम अर्थातच माझं.

१० जुलै, गुरुवार
गुरुपौर्णिमा! सगळ्यात जास्त फुलं भीमाशंकरला.

तनुजाला वाचनालयात बसवलं. चुकून डावीकडे बसलो, तर तिनंच उठून जागा बदलली. क्षमेवर माझ्याकडे होतं नव्हतं तेवढं संस्कृत तिच्यावर ओतलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "माफ केल्यावर डाक्टरकडं नेतील का, सर?"

"आधी माफ तर कर."

हे उत्तर नव्हतं. तिलाही कळलं. "बरं," म्हणाली.

११ जुलै, शुक्रवार
झालं. भीमाशंकर पुढं आला, तिच्यापाशी वाकला, वेणीजवळ तोंड नेलं. क्षणभर तसाच राहिला, मग सरळ झाला. तनुजा त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. सगळी शाळा टाळ्यांसाठी हात उचलून थांबलेली. मग — "माफ केलं!"

टाळ्याच टाळ्या. सिस्टरांचे डोळे भरून आले. माझेही, खोटं कशाला लिहू! शाळेच्या बातम्या लातूरच्या पेपरला मीच धाडतो. लगेच लिहून काढली. 'शिक्षकाची विनम्रता, विद्यार्थिनीचं औदार्य.' मथळ्यावर खूश होतो.

संध्याकाळी शिवमूर्तीचा फोन. "सर, डाक्टरचं कधी?" सिस्टरना विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, माफी झाली ना? आता तो विषय नाही."

शिवमूर्तीला परत फोन केला नाही.

१३ जुलै, रविवार
बातमी छापून आली, फोटोसकट. शिवमूर्तीनं आडतीत चार जणांना दाखवली म्हणे. फोटो पुन्हा बघितला. भीमाशंकर तिच्या डाव्या बाजूला वाकलाय.

१४ जुलै, सोमवार
मधल्या सुट्टीत तनुजा आली. "सर, एक विचारू? पीटीचे सर कानात काय म्हणले? मला ऐकूच आलं न्हाई. सगळे थांबले होते म्हणून म्हणून टाकलं."

भीमाशंकर डबा खात होता. विचारलं.

"कायच म्हणलो न्हाई."

"का रे?"

"उगं तोंड कशाला शिणवू, पंडित? त्या कानानं तिला ऐकू येत न्हाई, मला काय म्हाईत न्हाई होय!"