फैजच्या नावाची मूठ

ती. आईस,
हितेंद्रचा नमस्कार.

मी बरा आहे, दोन्ही वेळ जेवतो. फैजही बरा आहे. फोनवर तू आधी त्याचीच चौकशी करतेस, म्हणून लिहिलं.

जहाजावरची ती उंच शिडं दापोलीचा फैज सांभाळतो, मी खाली इंजिनावर. आमचं इंजीन काडीकचऱ्यापासून केलेल्या इंधनावर चालतं, पण तुला व्हिडिओवर शिडंच बघायची असतात. वारा चांगला लागला की इंजीन हळू करतात, मग मला आरामच. साहेब म्हणतात, पुढे खाली माणसं कमी लागतील. तू काळजी करू नकोस.

भाविकाताई सांगत होती, यंदा कानबाईच्या सणाला प्रसादाच्या रोटांसाठी तू फैजच्या नावानेही गहू घेतलेस. आपल्यात घरातल्या पुरुषांमागेच सव्वा मूठ घेतात ना? 'तो वारा धरीसन मना पोऱ्याले घर लई येस,' म्हणालीस म्हणे. अगं, वारा धरून तो मला घरी आणतो खरा, पण वारा पडतो तेव्हा मीच आणतो सगळ्यांना.

फैजला सांगितलं. त्याने मला ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "आईंना माझा सलाम लिही." लिहिला.

नानांचा गुडघा कसा आहे? आणि आधी मूठ माझी घेतलीस की त्याची, तेवढं खरं कळव.

तुझाच,
हितेंद्र