पाणीगेटची भाजी

अण्णा, शनिवारी तुमच्या कारखान्याच्या वाढीव प्रकल्पाची लोकसुनावणी आहे आणि मला तिथे बोलायचं आहे. तुम्ही गेलात तेव्हा असलं काही नव्हतं. मांडव घालतात, अधिकारी बसतात आणि कुणीही उठून माइकवर आपलं म्हणणं मांडू शकतो. कंपनीचं म्हणणं पेपरात आलंय: कारखान्यामागच्या कांसात, त्या उघड्या ओढ्यात, पूर्वी जे रसायनांचं सांडपाणी सुटलं ते अजाणता सुटलं, त्या काळी कुणालाच काही माहीत नव्हतं. ते वाचल्यापासून मला घास गोड लागत नाही, कारण मी तुमची मुलगी आहे आणि मला आपल्या घरातली भाजी आठवते.

बडोद्यात मांजलपूरला आपल्या दारात रोज सकाळी टोपली घेऊन एक बाई यायची, त्या कांसाच्या काठच्या गावातली. वांगी, पालक, मेथी, सगळं कसं हिरवंगार. आणि तुम्ही स्कूटर काढून पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, पाणीगेटच्या बाजारात निघायचात. आई वैतागायची, "दारातली भाजी सोडून गावभर कशाला हिंडायचं?" तुम्ही नुसतं म्हणायचात, "तिथली बरी असते." तुम्ही रोज नको म्हणता म्हणून एकदा त्या बाईनंच विचारलं, "साहेब, तमे रोज ना पाडो छो. मारुं शाक कडवुं छे?" तुम्ही हसून म्हणालात, "ना बेन, आजे घरमां छे." घरात तेव्हा कांदासुद्धा नव्हता. तिनं जाताजाता माझ्या हातात एक गाजर ठेवलं, ते तुम्ही ती वळल्यावर काढून घेतलंत. आमचे अण्णा म्हणजे जिभेचे चोचले, असं मी मैत्रिणींना सांगायचे. तुमच्या कंपनीच्या बसनं जाणारा एकही माणूस त्या गावची भाजी घरात आणत नसे, हे मला फार उशिरा कळलं.

बडोदं सोडलं की मात्र तुम्ही निराळेच व्हायचात. प्रवासाचं भाडं कंपनी द्यायची. बाकीचे लोक एलटीसीवर नातेवाइकांची लग्नं उरकून यायचे, तुम्ही जमिनीवर नकाशा पसरून सगळ्यात लांबची जागा शोधायचात. आई थेपले आणि दशम्या दोन्ही बांधायची. मनालीला तुम्ही एका देवदाराला तळवा टेकवून इतका वेळ उभे राहिलात की आईला वाटलं चक्कर आली. आज मी शाळेतल्या मुलींना पावागढच्या रानात नेते, पानं ओळखायला लावते, गप्प बसून ऐकायला सांगते, ते सगळं तुमचंच आहे.

एक प्रवास तर अजून डोळ्यांपुढे आहे: गढवालमध्ये आपण एका झऱ्याकाठी जेवतोय. तुम्ही साबणाची पूड घेऊन पाण्यात ताटं विसळायला बसता. खालच्या वळणावरून हंडा घेतलेली एक बाई हाक मारते, "बाबूजी, नीचे हमारा घर है." तुमचा चेहरा उतरतो. तुम्ही तिला हात जोडता, खरकटी ताटं तशीच पिशवीत भरता आणि मला जवळ घेऊन सांगता, "वाहत्या पाण्यात काही टाकायच्या आधी बघायचं, खाली कोण राहतं." मला तुमचा केवढा अभिमान वाटतो. घरी परतल्यावर पहिल्याच जेवणाला मी विचारलं, "अण्णा, तुमच्या कांसाच्या खाली कोण राहतं?" तुम्ही म्हणालात, "जेव मुकाट्यानं." इतकं तुटक तुम्ही माझ्याशी कधीच बोलला नव्हतात.

मला तुमचा राग येतो, अण्णा. कांसाच्या पाण्यानं काठच्या गावांत ज्यांच्या विहिरी लाल झाल्या त्यांच्या जिवावर मी हिमालय पाहिला आणि नदीवर प्रेम करायला शिकले. तुमची नोकरी, आईचं दुखणं, माझं शिक्षण, हे मला कळत नाही असं नाही. साहेबांपुढे बोलला असतात तर घरी बसावं लागलं असतं. पण त्या बाईला हळूच एक शब्द सांगता आला असता. ती तीच भाजी स्वतःच्या पोरांना घालत होती.

परवा तुमचे कंपनीच्या बसमधले दोस्त, हरणीला राहणारे काका, मुद्दाम आले. मी सुनावणीत बोलणार हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं असणार. चहा नको म्हणाले. "बेटा, तू बोल, माझी ना नाही. पण बापाला मधे आणू नको. देवमाणूस होता." मी विचारलं, "काका, तुमच्याकडे भाजी कुठून यायची?" ते चपला शोधायला लागले. त्यांना दुखावून मला मुळीच बरं वाटलं नाही.

माझ्याकडे कसला अहवाल नाही. तुम्हाला माहीत होतं, याची साक्ष एवढीच की तुम्ही भाजीला पाणीगेटला जायचात. ती द्यायची तर मला माइकवर 'माझे वडील' म्हणावं लागणार. समोर तुमचे सोबती बसलेले असणार, आणि त्यानंतर तुम्ही कुणासाठीच देवमाणूस राहणार नाही. आईला मी अजून सांगितलेलं नाही.

शनिवारी मी बोलणार आहे. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक कबूल करून टाकते. तुम्ही आज हयात असतात आणि त्या मांडवात पहिल्या रांगेत येऊन बसला असतात, तर मी तोंड उघडलं नसतं. आपल्या माणसाला सांभाळून मीही गप्पच राहिले असते.